शुक्राचा उंचवटा

चिरगाँव, बुधवार, १९ मार्च २०२५

बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासायला आजपासून झाशीला जायचं. केंद्र शहरात आहे, त्यामुळे सकाळी स्वयंपाक आवरून बस धरायची आणि परीछाच्या वीजकेंद्राची धुराडी, मग बडागाव असं मागे टाकत हजेरीच्या आत पोचायचं. इंटरच्या गणिताचे गठ्ठे पुढ्यात आले. पहिला सुरळीत झाला. दुसऱ्याच्या मध्यावर अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर झालं, आणि लाल पेन बोटांतून सुटून कुणा पोराच्या समाकलनावर आडवं पडलं. उमटलेल्या रेघेचा कुणी भलता अर्थ लावू नये म्हणून शेजारी सही केली. करंगळीला मात्र काही होत नाही. ती एकटी शाबूत.

रात्रीचं तर विचारायलाच नको. कानपूरकडची मालगाडी धडधडत जाते तेव्हा मी बहुतेक जागीच असते, खाटेवर बसून हात झटकत. झटकल्यावर थोड्या वेळानं बोटांत जीव येतो. मग पुन्हा पडायचं, पुन्हा उठायचं.

सासूबाई म्हणतात, तपासणीचं काम नको म्हणून कळव. ह्यांचं म्हणणं, गेल्या वर्षी कळा कोपरापर्यंत चढायच्या, आता तेवढ्या नाहीत, म्हणजे उतारच पडतोय. शेजारच्या चाचींचं निदान सगळ्यांत झटपट: "काय बिन्नू, नस पै नस चढ़ गई!"

रविवार, २३ मार्च

चाची मोहरीच्या तेलात लसूण आणि ओवा कडवून घेऊन आल्या. त्यांचे हात म्हशी पिळून घट्ट झालेले, त्यामुळे चोळतात तेव्हा बरं वाटतं. चोळणं थांबलं की तासाभरात बोटं जिथल्या तिथे.

संध्याकाळी बाजारातल्या वैद्यजींकडे गेले. त्यांनी तेल दिलं नाही, काढाही दिला नाही. हात उलटा-पालटा करून बघितला आणि म्हणाले, ह्या जागेवर जोर लावून चोळू नका, इथे मर्म आहे. सुश्रुतानं १०७ मर्मं सांगितली, त्यांतली आठ नुसत्या वेदनेची, आणि मनगटावरची मणिबंध मर्मं त्या आठांतली दोन. हे सगळं बोलताना त्यांची नजर मात्र मनगटावर नव्हती, अंगठ्याखाली होती. दोन्ही पंजे शेजारी-शेजारी ठेवायला लावले. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी मांसल गादी आहे. उजव्याला तिथे खळगा पडलाय, बोट फिरवलं तर खालचं हाड लागतं.

"ही गोष्ट माझ्याकडची नाही. झाशीला हाताच्या डॉक्टरांना दाखवा, आणि लवकर दाखवा," इतकंच म्हणाले. पैसे घेतले नाहीत.

घरी सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, लग्नाआधी गुरसरायच्या जोश्यांनी तुझा हात पाहिला होता. शुक्राचा उंचवटा भरीव आहे म्हणाले होते. तो गेला कुठे?"

रविवार, ३० मार्च, पाडवा

गुढी उभारून आम्ही सगळे झाशीला, गणेश मंदिरात. राणीचं लग्न १८४२ साली इथेच लागलं, हे आम्हा झाशीकर मुलींना अक्षरओळखीच्या आधी माहीत असतं. झाशी-गुरसराय पट्ट्यातली उरलीसुरली मराठी घरं सणावाराला इथे भेटतात. तिसऱ्या वाक्याला सगळे हिंदीवर जातात, ते सोडा.

हाताचा विषय निघाला आणि बघता बघता मंडपात दोन पक्ष झाले. एका काकूंनी दोन वर्षांमागे उजव्या हाताची शस्त्रक्रिया करून घेतली. त्याच रात्री, टाके ओले असताना, त्या सकाळपर्यंत झोपल्या. तळहातावर रेघ शोधावी लागते इतकी पुसट झालीय. त्यांच्या मते मी उगाच वेळ काढतेय.

दुसऱ्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांचंही ऑपरेशन झालं, पण बोटं अजून बधिर. तळहाताच्या दोन्ही कडांना महिनोन् महिने ठणका राहिला, खुर्चीवर हात टेकून उठता येईना. पुढे दुसरीकडे दाखवलं तेव्हा मानेतल्या मणक्याशीही नस दबलेली निघाली. "मनगट कापून घेतलं, दुखणं मानेत," असं त्या म्हणतात, आणि हात जोडून सांगतात की भानगडीत पडू नकोस.

दोघींचंही खरं आहे. काकूंचा हात माझा नव्हे आणि बाईंची मानही माझी नव्हे, हे मला श्रीखंड वाढताना कळत होतं. वाढायचा डाव तेव्हा डाव्या हातात होता.

शुक्रवार, ४ एप्रिल

तपासणी परवा संपली. आज डॉक्टर.

मला वाटलं होतं एक्स-रे सांगतील. त्यांनी टेबलावरची कागदाची टाचणी, ती वाकडी तारेची असते ना, ती घेतली, उलगडली आणि तिची दोन टोकं जवळजवळ आणली. मला डोळे मिटायला सांगून ती बोटांना लावत गेले. करंगळीवर टोकं अर्धा सेंटिमीटर अंतरावर होती तरी दोन टोचतायत हे मला स्वच्छ कळत होतं. मधल्या बोटावर मी "एक" म्हणाले. त्यांनी अंतर वाढवलं. "एक." आणखी वाढवलं. "एकच." मग म्हणाले, डोळे उघडा. टोकांमध्ये सेंटिमीटरभर फट होती. आयुष्यभर भूमिती शिकवून मला माझ्याच बोटावरचे दोन बिंदू वेगळे ओळखता येत नव्हते.

मग दोन्ही मनगटं खाली वाकवून पंजांच्या पाठी एकमेकींना टेकवून धरायला लावल्या. ही फॅलनची चाचणी. १९५०च्या दशकात क्लीव्हलँडच्या जॉर्ज फॅलननी ती रूढ केली. मिनिटभर धरायचं असतं. माझ्या उजव्या बोटांना त्याच्या कितीतरी आधीच मुंग्या आल्या. शेवटी हात उताणा ठेवून अंगठा छताकडे उभा करायला सांगितला आणि ते खाली दाबू लागले. डावा अंगठा हलला नाही. उजवा आडवा झाला. मान, कोपर, खांदा हेही सगळं तपासलं. मानेचं काही दिसत नाही म्हणाले.

त्यांनी कागदावर काढून दाखवलं ते असं: मनगटाच्या आठ छोट्या हाडांची कमान, तिच्यावर आडवी ताणलेली जाड चिवट पट्टी, आणि मधल्या बोगद्यातून बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक नस. जागा वाढत नाही. आतलं काही सुजलं की चेपली जाते ती नसच. अंगठा, दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू तिच्या ताब्यात. करंगळीची नस ह्या बोगद्यातून जात नाही, म्हणून ती शाबूत. खडू, पेन ह्यांनीच झालं असं ते म्हणत नाहीत. बायकांना चाळिशी-पन्नाशीत हे जास्त होतं, मधुमेह आणि थायरॉईड ह्यांचाही हात असतो, आणि मनगट वाकवून जोर लावायची कामं, पिळणं, मळणं, भर घालतात. रक्ताच्या चाचण्या लिहून दिल्या.

ह्यांनी विचारलंच: "पण डॉक्टर, कळा तर कमी झाल्यात." डॉक्टर म्हणाले, तीच काळजीची गोष्ट आहे. दबलेली नस आधी ओरडते. बराच काळ दबली की तिचे धागे मरू लागतात, मग ती ओरडायचीही थांबते. मला आमचा शेवटचा बाक आठवला. तिथली पोरं शंका विचारायची थांबली की नवीन शिक्षकाला वाटतं, ह्यांना समजलं. जुन्या शिक्षकाला माहीत असतं की ती केव्हाच सुटली.

चिरगाँवच्या औषधाच्या दुकानातून घेतलेला मनगटपट्टा बरोबर नेला होता. डॉक्टरांनी त्यातली ॲल्युमिनियमची पट्टी बाहेर काढली. ती मनगट मागे कलेल अशी वाकवलेली होती. टेबलाच्या कडेवर दाबून ती सरळ केली आणि पुन्हा आत सरकवली. मनगट सरळ असताना बोगद्यातला दाब सर्वांत कमी असतो, पुढे वाकलं तरी वाढतो, मागे वाकलं तरी वाढतो. रात्री बांधून झोपायचं.

मंगळवार, ८ एप्रिल

नसेची विजेची चाचणी झाली. मनगटाशी झटका देतात, अंगठ्याखाली चिकटवलेल्या तारेवर स्नायूची उसळी टिपतात. झटका लागला की अंगठा आपल्याला न विचारता उडतो. विचित्र वाटतं, पण दुखत नाही म्हटलं तरी चालेल.

अहवाल: डाव्या हाताला संदेश पोचायला ४.५ मिलिसेकंद, उजव्याला ६.४. सव्वाचारच्या आसपासपर्यंत ठीक धरतात. उजव्या बोटांच्या संवेदनेची लाट अगदी बारीक. स्नायूच्या उसळीची उंचीही डाव्याच्या निम्मी. वेळ लांबणं म्हणजे नसेवरचं वेष्टण खराब झालंय, आणि उंची घटणं म्हणजे आतले धागेच कमी झालेत, असं तंत्रज्ञ मुलीनं समजावलं. तिला मी म्हटलं, म्हणजे वेग आणि संख्या अशा दोन वेगळ्या राशी. ती हसली. साखर काठावर, थायरॉईड ठीक.

गुरुवार, १० एप्रिल, महावीर जयंतीची सुट्टी

पुण्याहून मुलानं वाचायला काही अभ्यास पाठवले. आम्ही फोनवर दोघांनी मिळून वाचले. तो इंग्रजी फोडून सांगायचा, मी आकडे लिहून घ्यायची.

पहिली गंमत इतिहासाची. १८५४ साली, डलहौसीनं झाशी खालसा केली त्याच साली, लंडनच्या जेम्स पॅजेटनी एका रुग्णाची हकीकत नोंदवली. मनगट मोडलेलं, नस दबलेली, बोटांवर व्रण. मनगट सैल राहील असं बांधून ठेवलं तेव्हा व्रण भरून आले. म्हणजे पट्ट्याचा उपाय शस्त्रक्रियेहून जुना. बोगद्यावरची पट्टी कापून नस मोकळी करण्याची नोंद जेम्स लिअरमंथ यांची, १९३३ची. मंडपातल्या बाई म्हणतात तसं हे आजकालचं खूळ नाही.

मग आकडे. नेदरलँड्समध्ये १७६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली, काहींना रात्रीचा पट्टा, काहींना शस्त्रक्रिया. हा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी शस्त्रक्रियावाल्यांपैकी ८० टक्के बरे, पट्टावाल्यांपैकी ५४. दीड वर्षानं ९० आणि ७५. मुलगा म्हणाला, आई, फरक फार नाही, पट्टा लाव आणि बस. मी म्हटलं, पुढची ओळ वाच. पुढे लिहिलं होतं की दीड वर्ष होईतो पट्ट्याच्या गटातल्या ४१ टक्के लोकांनी शस्त्रक्रियाच करून घेतली होती. म्हणजे ७५ हे पट्ट्याचं यश नव्हे. पट्ट्यापासून सुरुवात केली आणि नाही जमलं तर चाकूकडे वळलं, ह्या सबंध वाटेचं ते यश. हेही लहान नाही. निम्म्याहून जास्त लोक चाकूवाचून राहिले, ही त्याच ओळीची दुसरी बाजू.

दुसरा अभ्यास स्वीडनचा, २०१३चा, मनगटातल्या स्टेरॉईडच्या इंजेक्शनचा. पट्ट्यानं भागलं नव्हतं असे लोक घेतले. वर्षभरात मोठा डोस घेतलेल्यांपैकी ७३ टक्के, लहान डोसवाल्यांपैकी ८१ टक्के आणि नुसतं खोटं इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९२ टक्के शस्त्रक्रियेला गेले. सुईनं काहींची शस्त्रक्रिया टळली, बहुतेकांची पुढे ढकलली गेली.

हे सगळं वहीत मांडून झालं आणि मग सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट लक्षात आली. अशा चाचण्यांतून अंगठ्याखालचा स्नायू फार झिजलेल्यांना सहसा आधीच वगळतात, कारण त्यांना चिठ्ठीच्या भरवशावर थांबवणं बरोबर नाही. ज्या संचाची सरासरी मी इतका वेळ घासत बसले होते, त्या संचात मी कदाचित नाहीच. बारावीच्या मुलांना आम्ही पहिल्या दिवशी सांगतो: आधी नमुना कुठला ते बघा, मग टक्केवारी काढा.

रविवार, २० एप्रिल

पट्टा रोज बांधते आणि झोप लागते. मालगाडी आता ऐकू येत नाही. घरात आनंदी आनंद. ह्यांनी तर जाहीर केलं, "झालं, सुटला प्रश्न."

मी ब्लाऊजचे हूक लावून बघते. लागत नाहीत. सुईत दोरा सासूबाई ओवतात, ऐंशीव्या वर्षी. डाळीतला खडा बोटाला लागत नाही, डोळ्यानं शोधावा लागतो. रात्र सुधारली, दिवस तसाच आहे.

पुण्याच्या वन्संचा फोन आला. त्या अय्यंगार पद्धतीच्या वर्गाला जातात. म्हणाल्या, ह्या आजारावर योगाचा अभ्यास अमेरिकेत झालाय, कापायच्या आधी तो करून बघ. खरंच आहे तो. १९९८चा, अय्यंगार गुरुजींच्या परंपरेतल्या एका अमेरिकी शिष्येनं केलेला. ४२ माणसं, ११ आसनं, आठवड्यातून दोन वर्ग, आठ आठवडे. पकड सुधारली, वेदना कमी झाली. विजेच्या चाचणीत मात्र म्हणावा तसा फरक दिसला नाही, हेही तिथेच लिहिलंय. वन्संना तसं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "मग खांदे तरी मोकळे कर, फळ्यावर लिहितेस दिवसभर," म्हणाल्या. ते करते आहे. नमस्काराचे तळवे जोडायचे तर मनगट मागे वाकतं, तेवढं आसन वगळून.

बुधवार, ३० एप्रिल, अक्षय तृतीया

इथे आज अकती. गल्लीतल्या पोरींनी चिंध्यांच्या बाहुला-बाहुलीचं लग्न लावलं. आमच्या घरी चैत्रगौरीचं शेवटचं हळदीकुंकू. कैऱ्या किसणं, वाटली डाळ, पन्ह्यासाठी उकडलेल्या कैरीचा गर पिळणं, सगळं ह्यांनी आणि चाचींच्या सुनेनं केलं. ह्यांचं पन्हं इतकं आंबट झालं की बायकांनी तोंडं लपवली.

बायकांच्या बैठकीत माझ्या ऑपरेशनचा मुहूर्त निघाला. शस्त्रक्रिया उन्हाळ्यात करू नये, जखम चिघळते, दिवाळीनंतर करावी, ह्यावर एकमत. शाळेच्या बायकाही तेच म्हणतात. हिशेब सोपा दिसतो: पारा ४५च्या घरात, घाम, धूळ, आणि वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. पण सुट्टी फक्त आताच मिळते. २१ मेपासून ३० जूनपर्यंत शाळा बंद. दिवाळीनंतर म्हणजे अर्धवार्षिक, मग प्री-बोर्ड, मग बोर्ड. माझ्या ओळखीत दिवाळीनंतरचं काम पुढच्या दिवाळीनंतर होतं.

चाचींनी हळूच आपला हात पुढे केला. त्यांच्याही बोटांना पहाटे मुंग्या येतात. मी सासूबाईंची केसाची पिन घेतली, वाकवली, आणि त्यांना डोळे मिटायला लावले. त्यांना सगळीकडे दोन टोकं बरोबर कळली. अंगठा छताकडे धरायला सांगून दाबला, तर माझाच हात खाली गेला. अंगठ्याखालची गादी म्हशीच्या दुधावर पोसलेली, भरगच्च. त्यांना सरळ पट्टीचा मनगटपट्टा आणवून दिला, धार काढायला थोडे दिवस सुनेला बसवा म्हटलं, आणि साखर तपासून घ्या असं बजावलं. "तौ हमें नईं कटवाने?" म्हणाल्या. सध्या नाही, पण एकदा डॉक्टरांना दाखवा, असं मी सांगितलं.

शनिवार, १० मे

पुन्हा डॉक्टर. त्यांनी टाचणीची चाचणी परत घेतली. झोप सुधारली हे ऐकून मान डोलावली, पण अंगठा परत आडवा झाला. मग माझे प्रश्न काढले. शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून नेले होते.

इंजेक्शन? देता येईल, काही आठवडे किंवा महिने बरंही वाटेल. पण बरं वाटणं हा आता आपला प्रश्न उरलेला नाही, स्नायू हा प्रश्न आहे.

करणार काय? भूल फक्त तळहातापुरती, मी जागी असेन. तळहाताच्या बुडाशी तीन-एक सेंटिमीटर चीर, पट्टी उभी कापून मोकळी करायची, त्वचेला टाके. वीसेक मिनिटं. दुर्बिणीनंही करतात, त्यात कामावर थोडं लवकर परतता येतं, पण काही महिन्यांनी दोन्ही पद्धतींचा निकाल सारखाच. बोटं पहिल्या दिवसापासून हलवायची, हात उशीवर उंच ठेवायचा. टाके दहा ते चौदा दिवसांत निघतात. घागर उचलणं, कणीक मळणं, कपडे पिळणं निदान सहा आठवडे बंद. पकड पूर्ववत व्हायला तीन महिने धरा.

बिघडू काय शकतं? जखमेत पू होणं, व्रण दुखरा राहणं, तळहाताच्या कडांचा ठणका, तो बहुतेकांचा काही महिन्यांत जातो. नसेला इजा क्वचित, पण होते. हात आखडून सुजत जाण्याचा एक चिवट प्रकार आहे, तोही क्वचित. उन्हाळ्याबद्दल म्हणाले, जखम कोरडी ठेवलीत तर ऋतू आड येत नाही. दोन्ही हात एकदम नको, कारण माणसाला आंघोळ आणि शौच असतं. डावा पट्ट्यावर राहू द्या, कदाचित कधीच कापावा लागणार नाही.

शेवटचा प्रश्न: नाही केलं तर? त्यांनी सरळ सांगितलं: मरणार नाही, हात गळून पडणार नाही. नस जेवढी उरलीय तेवढी हळूहळू जाईल. वर्षभरानं आलात तर चीर तेवढीच, खर्च साधारण तेवढाच, वेळ तेवढाच. मिळणारं मात्र कमी असेल. तुटलेले धागे दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतात, पण फार काळ संदेश न मिळालेला स्नायू त्यांची वाट बघत बसत नाही.

तेवढं मला पुरलं. पट्टा लावून थांबणं हाही एक निर्णय आहे. चाचींसाठी तो शहाणपणाचा आहे. माझ्यासाठी तो रोज थोडी थोडी नस देऊन घेतलेली मुदत आहे. २२ मे, गुरुवार, ठरला. बसमध्ये ह्यांनी विचारलं, रात्री झोप लागतेय तरी करायचंच? मी म्हटलं, झोपेसाठी नाही, हुकांसाठी.

बुधवार, २१ मे

शाळा आजपासून बंद. प्राचार्यांना अर्ज देऊन आले. १ जुलैला फळ्यावर लिहिता येईल, पण ३ ऑगस्टच्या फलकाचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. गुप्तजींची जयंती म्हणजे आमच्या गावाची दिवाळी. कवी मैथिलीशरण १८८६ साली इथेच जन्मले, आणि शाळेच्या दारातला सुलेखनाचा फलक दर वर्षी माझ्याकडे असतो. ह्या वर्षी अकरावीच्या दोघी मुली लिहितील. त्यांना खडू तिरका कसा धरायचा ते दाखवून ठेवलं.

उजव्या हातातली अंगठी आणि बांगड्या काढून या, असं रुग्णालयातून कळवलंय. अंगठी साबण लावून निघाली. बांगड्यांवर सासूबाई अडून बसल्या. सवाष्णीचा हात मोकळा कसा राहील, ह्यावर तासभर खल झाला. शेवटी उजव्याच्याही बांगड्या डाव्या हातात चढल्या. आता तो हात हलवला की टांग्यासारखा वाजतो.

ह्यांनी सकाळी कणीक मळून बघितली. आधी पाणी जास्त झालं, मग पीठ जास्त झालं, आणि चौघांच्या घरात दहा जणांची कणीक तयार झाली. चाचींच्या म्हशीनं उरलेल्या पोळ्या खाल्ल्या. चाची पट्टा बांधून झोपतात, पहाटेच्या मुंग्या कमी आहेत, आणि पुढच्या आठवड्यात त्या डॉक्टरांकडे जाणार आहेत.

मंडपातल्या त्या निवृत्त बाईंचा फोन आला. म्हणाल्या, अजून वेळ आहे, विचार कर. त्यांना म्हटलं, तुमच्यामुळेच मान तपासून घेतली, दोन वेळा. त्यावर त्या थोड्या नरमल्या.

रात्री संमतीपत्र वाचलं. हिंदीत आहे, बारीक टाइपात. ह्यांनी विचारलं, भीती वाटते का. वाटते, पण चाकूची नाही. डॉक्टरांनी मला खोटं काही सांगितलेलं नाही: रात्रीच्या मुंग्या बहुधा लवकर जातील, बोटांची जाण हळूहळू येईल, कदाचित पूर्ण नाही. अंगठ्याखालचा गेलेला भाग भरून येईलच असं नाही. उरलेला जाणार नाही, ह्याची शक्यता चांगली आहे. जोश्यांना दिसलेला उंचवटा मला नको, ब्लाऊजचे हूक आणि खडू पुरेत. एवढ्यावर सही करायची आहे, आणि ती उद्या उजव्याच हातानं करणार.